उपवासाचे रताळे

आषाढी एकादशी आली की मंडईत रताळ्यांचे ढीग लागतात आणि घरोघरी कीस, खीर व पाकातल्या कापांचा बेत ठरतो. ‘उपवासाचे आहे, तेव्हा प्रकृतीला हलकेच असणार,’ असे आपण धरून चालतो. ही समजूत कितपत खरी, एवढेच आज आम्हांस पाहावयाचे आहे.

रताळे मूळचे अमेरिका खंडातले. आपल्या व्रतवैकल्यांत ते मागाहून येऊन बसले. शंभर ग्रॅम कच्च्या रताळ्यात सुमारे २० ग्रॅम पिष्ट व साखर, ३ ग्रॅम तंतू आणि जेमतेम दीड ग्रॅम प्रथिने असतात. तंतूंमुळे पोट साफ राहण्यास साहाय्य होते. परंतु प्रथिने अल्प. म्हणून त्याच्या जोडीला दूध, दही किंवा शेंगदाणे हवेत.

आता रंगाची गोष्ट. नारिंगी गराच्या रताळ्यात बीटा कॅरोटीन विपुल असते व त्यापासून आपले शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. या जीवनसत्त्वाच्या अभावी रातांधळेपणा येतो, मुलांची दृष्टीही जाते. आफ्रिकेत अशा रताळ्यांचा प्रसार करणाऱ्या मारिया अँड्राडे, रॉबर्ट म्वांगा व जॅन लो यांचा २०१६ साली जागतिक अन्न पुरस्काराने गौरव झाला. मात्र आपल्याकडील तांबड्या सालीच्या, पांढऱ्या गराच्या रताळ्यात हा गुण नावापुरताच. तेव्हा साल पाहून फसू नये, गर पाहावा. नारिंगी रताळे मिळाल्यास थोड्या तुपासह खावे, कारण कॅरोटीन स्निग्ध पदार्थाच्या संगतीने अंगी लागते.

खरी सावधगिरी मधुमेह्यांनी बाळगावयाची. एखादे वडीलधारे गृहस्थ सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी पाकातली रताळी खातात आणि ‘आज जेवलो नाही’ याचे समाधान मानतात. वस्तुतः त्या दिवशी नेहमीपेक्षा अधिक पिष्ट व साखर पोटात गेलेली असते! भाजलेल्या रताळ्याने रक्तातील साखर लवकर चढते, उकडलेल्याने तुलनेने सावकाश. म्हणून मधुमेह्याने उकडलेले, मोजके व गुळासाखरेवाचून खावे. इन्शुलिन चालू असल्यास उपवासाआधी डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीही, पोटॅशियममुळे, तसेच करावे.

रताळे गुणी आहे, यात शंका नाही. पण ते अन्न आहे, आणि उपवासाच्या दिवशीही त्याची गणना अन्नातच करावी, एवढेच आमचे सांगणे.