राखणदारांची शाळा

जैतापूरचा अणुवीज प्रकल्प व्हावा की न व्हावा याविषयी गेल्या पंधरा-वीस वर्षांत इतके लिहिले गेले आहे की त्यात भर घालण्याऐवजी निराळीच एक चौकशी करावी, असे संपादकांनी सुचविले. किरणोत्सारी द्रव्य चोराच्या, घातपात करणाऱ्याच्या किंवा आतल्याच एखाद्या असंतुष्ट नोकराच्या हाती पडू न देण्याचे जे काम असते, ते तरुण माणूस कोठे शिकतो आणि शिकल्यावर त्याचे पुढे काय होते, ही ती चौकशी. रत्नागिरीकराला ती परकी वाटण्याचे कारण नाही. राजापूर तालुक्यात माडबनच्या सड्यावर प्रत्येकी १७३० मेगावॅटच्या सहा भट्ट्या उभारण्याचे योजले आहे. त्यासाठी सुमारे ९३८ हेक्टर जमीन सरकारजमा झाली आहे, आणि १८ एप्रिल २०११ रोजी याच प्रश्नावरील आंदोलनात, पोलिसांच्या गोळीबारात, एका तरुणाचा प्राणही गेला आहे. ज्या गोष्टीसाठी जिल्ह्याने एवढे दिले आणि एवढे सोसले, तिची राखण उद्या कोण करणार हे विचारण्याचा अधिकार त्याला आहेच.

या चौकशीत पहिली गाठ पडते ती ट्रॉम्बेच्या प्रशिक्षण विद्यालयाशी. अणुशक्तीचा प्रत्यक्ष उपयोग सुरू होईल तेव्हा तज्ज्ञांसाठी हिंदुस्थानला परदेशाच्या तोंडाकडे पाहावे लागू नये, ही आकांक्षा होमी भाभा यांनी मार्च १९४४ मध्ये टाटा विश्वस्तांना लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली होती, आणि तिला अनुसरून १९५७ मध्ये हे विद्यालय सुरू झाले. नुकताच पदवीधर झालेला अभियंता किंवा शास्त्रशाखेचा द्विपदवीधर परीक्षा व मुलाखत यांच्या चाळणीतून येथे येतो, वर्षभर विद्यावेतन घेऊन शिकतो, उत्तीर्ण झाला की अणुऊर्जा खात्यात अधिकारी म्हणून रुजू होतो आणि निदान तीन वर्षे सेवा करण्याच्या करारनाम्याने बांधला जातो. ज्यांना आधी एम. टेक. करावयाचे असेल त्यांच्यासाठी दोन वर्षांच्या स्वतंत्र पाठ्यवृत्तीचीही तरतूद आहे. शिक्षण, वेतन आणि नेमणूक या तिन्हींची हमी एकाच दारात देणाऱ्या संस्था आपल्या देशात किती आहेत याचा विचार केला, म्हणजे भाभांच्या दूरदृष्टीपुढे मन नम्र होते.

माजी विद्यार्थ्यांमध्ये मराठी वाचकाच्या ओठांवर पहिले नाव येते ते अनिल काकोडकर यांचे. १९६३ मध्ये व्हीजेटीआयमधून यांत्रिकी अभियंता होऊन ते या विद्यालयात आले, १९९६ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक झाले आणि २००० ते २००९ या काळात अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष राहिले. अमेरिकेशी नागरी अणुकराराची बोलणी चालली असता, शीघ्र प्रजनक भट्ट्या आंतरराष्ट्रीय तपासणीखाली देऊ नयेत, हे त्यांनी २००६ च्या आरंभी जाहीरपणे सांगितले. भट्टीच्या रचनेत आयुष्य घालविलेला अभियंता त्या क्षणी मुत्सद्दी झाला होता. त्याच विद्यालयातून आलेले रवि ग्रोव्हर यांचाही त्या वाटाघाटींत मोठा वाटा होता. विद्यालय उभारले गेले ते भट्टीचे शास्त्र शिकविण्यासाठी. राजकारण आणि राखण या विद्या त्याच्या उत्तम विद्यार्थ्यांनी मुख्यत्वे कामावर असताना आत्मसात केल्या, आणि त्यांचे कर्तृत्व जितके आदरणीय तितकीच ही गोष्ट मला चिंतेची वाटते.

कारण राखण ही स्वतंत्र विद्या आहे, आणि तिचे मर्म ज्या एका साध्या हिशेबात आहे त्याने मला पुरते झपाटले. समजा, बाहेरचे कुंपण ओलांडण्यास चोराला एक मिनिट लागते, इमारतीचे दार फोडण्यास चार आणि आतली तिजोरी फोडण्यास सहा; आणि घंटा वाजल्यापासून सशस्त्र पहारा पोहोचण्यास आठ मिनिटे लागतात. घंटा कुंपणावर असेल तर ती वाजल्यानंतर चोरापुढे दहा मिनिटांचे काम शिल्लक उरते आणि पहारा दोन मिनिटे आधी पोहोचतो. तीच घंटा तिजोरीच्या दारावर बसविली तर त्याच्यापुढे सहाच मिनिटे उरतात, आणि पहारेकरी येतात ते रिकाम्या तिजोरीचा पंचनामा करण्यास. भिंती त्याच, कुलपे तीच, शिपाई तितकेच. घंटेची जागा तेवढी बदलली. चाहूल लागण्यापूर्वी चोराला जो विलंब झाला त्याची किंमत शून्य, हा या विद्येचा पहिला सिद्धान्त. आंब्याच्या हंगामात बागेची राखण करणाऱ्याला तो सांगावा लागत नाही: गडगा कितीही उंच रचला तरी कुत्रा खोपटीपाशी झोपलेला असेल तर उपयोग नाही, तो गडग्याशीच भुंकला पाहिजे.

परंतु हा सारा हिशेब बाहेरून येणाऱ्या चोराचा झाला. आतल्या माणसाला घंटा कोठे आहे ते ठाऊक असते, किंबहुना ती दुरुस्त करण्याचे काम त्याच्याकडेच असू शकते, आणि त्याला घाईही नसते. १९९२ मध्ये रशियातील पोदोल्स्क येथील एका अणुसंस्थेच्या कर्मचाऱ्याने, प्रक्रियेत जी घट मान्य केलेली असते तिच्या मर्यादेत राहून, काही महिन्यांत थोडे थोडे करून सुमारे दीड किलो उच्च समृद्ध युरेनियम घरी नेले, आणि वह्यांचा मेळ तरीही बसत राहिला. तो सापडला तो रेल्वे स्थानकावर, योगायोगाने, बॅटऱ्या चोरणाऱ्या त्याच्या शेजाऱ्यांना पोलीस पकडीत असताना. आतल्या माणसाच्या या धोक्यामुळेच संवेदनशील जागी एकट्याने जावयाचे नाही, दुसरा जाणता माणूस बरोबर असलाच पाहिजे, हा शिरस्ता पडला. म्हणून वजनाची नोंद, मोहोर आणि अचानक तपासणी यांना बंदुकीइतकेच महत्त्व आले. हे जाणण्यास रसायन कळावे लागते, हिशेब कळावा लागतो, कायदा आणि माणसाचा स्वभावही कळावा लागतो. औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान दारावर डोळ्यांत तेल घालून उभा असतो आणि आतला शास्त्रज्ञ आपल्या विषयात पारंगत असतो. पण दोघांच्या मधली ही जागा भरून काढणारा माणूस मुद्दाम घडवावा लागतो.

तो नसला म्हणजे काय होते हे एप्रिल २०१० मध्ये दिसले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायन विभागातील, १९८५ पासून बंद पडून असलेले कोबाल्ट-६० चे एक यंत्र त्या वर्षीच्या फेब्रुवारीत लिलावात भंगार म्हणून विकले गेले. मायापुरीच्या बाजारात ते फोडण्यात आले, कित्येक कामगारांना किरणोत्साराची बाधा झाली आणि त्यातला एक मरण पावला. चोर नव्हता, घातपाती नव्हता. नोंदवहीकडे पाहणारे कोणी नव्हते, एवढेच. त्याच महिन्याच्या १२ व १३ तारखांना वॉशिंग्टन येथे अणुसुरक्षेची पहिली शिखर परिषद भरली होती, आणि तीत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अशा शिक्षणासाठी भारतात एक जागतिक केंद्र उभारण्याची घोषणा केली. हरियाणात बहादूरगडजवळ जानेवारी २०१४ मध्ये त्याची कोनशिला बसली, आणि त्याच्या पाच शाखांपैकी एक केवळ अणुसुरक्षेच्या अभ्यासासाठी आहे.

कोबाल्टचे नाव आपल्या जिल्ह्यालाही दूरचे नाही. २००७ पासून अमेरिकेत जाणाऱ्या हापूसवर कोय भुंगा आणि फळमाशी यांच्या बंदोबस्तासाठी किरणांचा जो संस्कार होतो, तो प्रथम लासलगावच्या केंद्रात याच कोबाल्टने झाला. सव्वापाच वर्षांत त्याचे बळ निम्मे होते, म्हणून नवा साठा शिशाच्या जड पात्रांतून रस्त्याने आणावा लागतो. तेव्हा भट्टी येवो अथवा न येवो, राखणीचा प्रश्न आहेच.

परदेशांत या विद्येकडे तरुणांना वळविण्यासाठी पाठ्यवृत्त्यांची परंपरा आहे. १९८७ पासून चालू असलेली स्कोव्हिल पाठ्यवृत्ती नव्या पदवीधरांना वॉशिंग्टनच्या शांतता व शस्त्रनियंत्रणविषयक संस्थांत काही महिने काम देते, आणि तेथून ते शासनात, संसदेच्या समित्यांत व अभ्याससंस्थांत जातात. स्टँटन प्रतिष्ठानाच्या पाठ्यवृत्त्या विद्यापीठांत संशोधन करणाऱ्यांना आधार देतात. व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०२० मध्ये मारी स्क्वोदोव्स्का-क्यूरी यांच्या नावाने विद्यार्थिनींसाठी जी पाठ्यवृत्ती सुरू केली तिच्या विषयांत अणुसुरक्षाही येते, आणि आपल्या मुली तिला अर्ज करू शकतात.

अडचणी येथून सुरू होतात, आणि त्या लहान नाहीत. पाठ्यवृत्तीची मुदत वर्षा-दोन वर्षांची. ती संपल्यावर हुद्दा कोठला? आपल्याकडे खात्यात शिरावयाचे तर दार अभियंता वा शास्त्रज्ञ यांच्यासाठीच मुख्यत्वे उघडे आहे. कायदा, हिशेब किंवा समाजशास्त्र शिकलेल्या तरुणाने या विषयात प्रावीण्य मिळविले तरी त्याला उभे राहण्यास जागा नाही. पुणे विद्यापीठात संरक्षणशास्त्राचा विभाग आहे, राजा रामण्णा यांनी घडविलेली बंगळूरची प्रगत अध्ययन संस्था आहे; पण अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या. दुसरी अडचण गुप्ततेची. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने माहितीवर जी बंधने घातली त्यांतली कित्येक आवश्यकच होती, परंतु त्यामुळे बाहेरचा अभ्यासक जुन्या अहवालांवर उपजीविका करतो आणि आतला जाणकार लिहीत नाही. नव्या विद्यार्थ्याला गुरू सापडावा तरी कसा? तिसरी अडचण अणुऊर्जा नियामक मंडळाच्या स्वातंत्र्याची. २०२५ पर्यंत त्याच्या वैधानिक दर्जात उणीव होती; तिच्यावर महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात बोट ठेवले होते, आणि नव्या नियामक प्राधिकरणाचे २०११ चे विधेयक त्या लोकसभेबरोबरच व्यपगत झाले. ज्या मंडळात निर्भयपणे तपासणी करता येईल अशी खात्री नाही, तेथे बुद्धिमान तरुण उमेदीची वर्षे का घालवील?

आणि सर्वांत मोठी अडचण ही की या सेवेचे यश दिसत नाही. भट्टी बांधणाऱ्याला भट्टी दाखविता येते. जी चोरी झालीच नाही तिचा दाखला राखणदाराने कोणत्या दफ्तरातून काढून द्यावा? बढतीच्या वेळी, अनुदानाच्या वेळी, पालकांना समजाविताना हेच आडवे येते. केवळ पाठ्यवृत्त्या वाढविल्याने यावर उपाय होईल असे मला वाटत नाही. त्यांच्यापुढे कायम नेमणुकीची शिडी उभी राहिली पाहिजे, आणि ती उभी करणे सरकारच्याच हाती आहे.

जिल्ह्याच्या हाती जे आहे ते मात्र थांबण्याचे कारण नाही. मुंबई विद्यापीठाचा उपपरिसर रत्नागिरीत आहे, १९४५ मध्ये स्थापन झालेले गोगटे-जोगळेकर महाविद्यालय येथे विज्ञान शिकवीत आले आहे. पदार्थविज्ञान, कायदा आणि हिशेब यांचे विद्यार्थी एकत्र बसून शिकतील असा अणुसुरक्षेचा एखादा वर्षाचा अभ्यासक्रम या संस्थांनी सुरू करावा, बहादूरगडच्या केंद्राकडे त्यासाठी व्याख्याते मागावेत, आणि आंबा निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्यांनी दरसाल निदान दोन मुलांच्या पाठ्यवृत्तीचा भार उचलावा. प्रकल्पाच्या बाजूचे आणि विरोधातले, अशा दोन्ही पक्षांच्या वाचकांनी या मागणीसाठी विद्यापीठाकडे अर्ज करावेत, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.