घरापासून दूरचा नाताळ : रुग्णालय-जहाजावरील सामुदायिक जीवन

आगमनकाळ सुरू झाला की आपल्या धर्मग्रामांतून नाताळच्या तयारीला वेग येतो. गोठा उभारला जातो, चांदण्यांचे आकाशकंदील लागतात, नाताळगीतांचा सराव सुरू होतो. परंतु याच दिवसांत जालना जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतील कित्येक घरांना कुलपे लागलेली असतात. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघून जातात व होळी-पाडव्याच्या सुमारास परततात. आपल्या काही भाविक कुटुंबांचा नाताळही त्यामुळे उसाच्या फडाशेजारी, कोपीतच उजाडतो. कुणाची मुलगी परिचारिका म्हणून दूरच्या शहरात रात्रपाळीवर असते, तर कुणाचा मुलगा पुण्या-मुंबईच्या कारखान्यात. गावात मागे उरतात ती म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले. अशा वेळी मनात प्रश्न येतो : घरापासून दूर साजरा होणारा नाताळ हा अपुरा नाताळ असतो काय?

या प्रश्नाचा विचार करताना आम्ही वाचकांना एका आगळ्यावेगळ्या समुदायाचा परिचय करून देऊ इच्छितो. जालना जिल्हा समुद्रापासून तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. आपल्यापैकी अनेकांनी जहाज जवळून पाहिलेलेही नसेल. तरीही ज्या जहाजावरचा प्रत्येक जण घर सोडून आलेला असतो, त्या जहाजावरील नाताळ आपल्याला बरेच काही शिकवू शकतो.

रुग्णालय-जहाज म्हणजे काय?

‘मर्सी शिप्स’ म्हणजे ‘दयेची जहाजे’. या ख्रिस्ती सेवासंस्थेची स्थापना डॉन व डेयॉन स्टीफन्स या दांपत्याने १९७८ साली केली. ज्या देशांत शस्त्रक्रियेची सोय दुर्मीळ आहे, तेथील बंदरात संपूर्ण रुग्णालयच घेऊन जायचे व गोरगरिबांवर विनामूल्य उपचार करायचे, अशी ही कल्पना. या दांपत्याचा एक पुत्र जन्मतःच गंभीर अपंगत्व असलेला होता. डॉन स्टीफन्स यांची कोलकात्यात मदर तेरेसा यांच्याशी भेट झाली, तेव्हा त्यांनी या मुलाची चौकशी केली व हाच मुलगा तुम्हाला इतर अनेकांचे डोळे, कान व हातपाय होण्यास साहाय्य करील, अशा आशयाचे उद्गार काढले. २०१६ साली संतपदाला पोचलेल्या या मातेचे शब्द त्या दांपत्याच्या कार्याला प्रेरणा देणारे ठरले.

संस्थेच्या पहिल्या जहाजाचे नाव ‘अनास्तासिस’ असे होते. या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पुनरुत्थान’. २००७ साली ‘आफ्रिका मर्सी’ हे जहाज सेवेत आले. मुळात ते रेल्वेगाड्या वाहून नेणारे डेन्मार्कचे जहाज होते. त्याचे रुग्णालयात रूपांतर करण्यात आले. त्यानंतरचे ‘ग्लोबल मर्सी’ हे जहाज मात्र मुद्दाम रुग्णालय म्हणूनच बांधले गेले व २०२१ साली पूर्ण झाले. ते १७४ मीटर लांब असून त्याला बारा मजले आहेत. त्यावर सहा शस्त्रक्रियागृहे व सुमारे २०० खाटा आहेत. २०२३ साली त्याने सिएरा लिओन देशातील फ्रीटाऊन बंदरात सेवा सुरू केली.

असे जहाज सतत समुद्रातून फिरत नसते. ते एका बंदरात अनेक महिने नांगर टाकून राहते. चेहऱ्यावरील मोठ्या गाठी, दुभंगलेले ओठ, वाकडे झालेले पाय, भाजल्यामुळे आखडलेले अवयव, मोतीबिंदू अशा व्याधींनी ग्रासलेले लोक दूरदूरच्या खेड्यांतून तेथे येतात. त्यांच्यापैकी अनेकांनी आपल्या आजारामुळे समाजाची अवहेलना सोसलेली असते. त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया म्हणजे केवळ रोगमुक्ती नव्हे, तर माणसांत परत येणे होय.

जहाजावरील सामुदायिक जीवन

जहाज म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर डॉक्टर व परिचारिका येतात. परंतु रुग्णालय चालविण्यासाठी स्वयंपाकी, सुतार, वीजतंत्री, इंजिन सांभाळणारे, कपडे धुणारे, हिशेब ठेवणारे असे शेकडो लोक लागतात. काही जण कुटुंबासह राहत असल्याने मुलांसाठी जहाजावर शाळाही असते व तेथे शिक्षक असतात. अनेक देशांतून आलेले हे स्वयंसेवक पगार घेत नाहीत. उलट प्रवासाचा व राहण्या-जेवणाचा खर्च ते स्वतः अथवा आपल्या चर्चच्या व मित्रमंडळींच्या देणग्यांतून उभा करतात.

एवढी माणसे लहानशा खोल्यांतून दाटीवाटीने राहतात. भाषा, जेवण, सवयी वेगळ्या असतात. त्यामुळे मतभेद होणे साहजिकच आहे. तेथे शेजारी बदलण्याची सोय नसते. जमवून घेणे, क्षमा मागणे व क्षमा करणे हाच मार्ग असतो. एकत्र प्रार्थना, एकत्र जेवण व नेमून दिलेले काम या तीन गोष्टींनी हा समुदाय बांधला जातो. आपल्या धर्मभगिनींच्या मठांतील जीवनाशी याचे साम्य वाचकांच्या ध्यानात येईलच.

एक बाब विशेष उल्लेखनीय आहे. जहाजावर रक्ताची गरज भागविण्यासाठी तेथील स्वयंसेवकच रक्तदाते असतात. त्यांच्या रक्तगटांची नोंद ठेवलेली असते व गरज पडेल तेव्हा त्यांना बोलावले जाते. सकाळी भांडी घासणाऱ्या माणसाचे रक्त दुपारी एखाद्या अनोळखी रुग्णाच्या देहातून वाहू लागते. आपले रक्त इतरांसाठी देणाऱ्या प्रभूच्या मेजाभोवती जमणाऱ्या आपणा श्रद्धावंतांना याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

जहाजावरील नाताळ

जहाजाचा सेवाकाळ बहुधा ऑगस्टच्या सुमारास सुरू होऊन पुढील वर्षाच्या मध्यापर्यंत चालतो. म्हणजे नाताळ ऐन सेवाकाळात येतो. त्या दिवसांत नियोजित शस्त्रक्रिया कमी केल्या जातात, परंतु ज्यांना घरी पाठविता येत नाही अशा रुग्णांची शुश्रूषा चालूच असते. परिचारिकांच्या पाळ्या नाताळच्या रात्रीही असतात.

निरनिराळ्या देशांचे लोक आपापल्या प्रथा सोबत आणतात. १३ डिसेंबर हा संत लुसियाचा सण. स्वीडनच्या चालीप्रमाणे शुभ्र वस्त्रे परिधान केलेल्या मुली प्रकाश हाती घेऊन गात गात निघतात. जहाजावर आगीचा धोका असल्यामुळे पेटत्या मेणबत्त्या चालत नाहीत. म्हणून विजेऱ्यांवरचे दिवे वापरले जातात. रुग्णांच्या खाटांपाशी जाऊन नाताळगीते गायिली जातात. नाताळच्या पूर्वसंध्येला खोल्यांच्या दारांबाहेर पादत्राणे ठेवण्याची प्रथा आहे. रात्री शेजारीपाजारी त्यांत लहानसहान भेटवस्तू व शुभेच्छांच्या चिठ्ठ्या ठेवून जातात. भेट कोणी ठेवली हे पुष्कळदा कळतही नाही.

घरची आठवण तेथे येत नाही असे नाही. आईच्या हातचे जेवण, गावच्या चर्चची घंटा, मुलांचे चेहरे आठवून डोळे पाणावतातच. परंतु ज्याला घरची आठवण येते, तोच शेजारच्या खाटेवरील रुग्णाचेही घर दूर आहे हे जाणतो. घराची उणीव तेथे लपविली जात नाही. तिच्यातूनच एकमेकांविषयीची आस्था जन्म घेते. हेच त्या नाताळचे मर्म आहे असे आम्हांस वाटते.

पहिला नाताळही प्रवासातच

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायाकडे वळल्यास आपल्या लक्षात येईल की पहिला नाताळ घरी साजरा झालाच नव्हता. नावनोंदणीसाठी योसेफ व मारिया यांना नाझरेथहून बेथलेहेमला जावे लागले. उतारशाळेत जागा मिळाली नाही. बाळ गव्हाणीत निजविले गेले आणि त्याच्या भेटीला प्रथम आले ते रात्रपाळीवरचे मेंढपाळ. म्हणून घरापासून दूर असलेला नाताळ अपुरा नसतो. उलट तो बेथलेहेमच्या अधिक जवळ असतो. मात्र तेथे कोणीतरी भेटीला यावे लागते. मेंढपाळ आले म्हणूनच तो गोठा एकाकी राहिला नाही.

‘मर्सी शिप्स’ ही केवळ कॅथलिकांची संस्था नाही. विविध ख्रिस्ती पंथांचे लोक तेथे एकत्र सेवा करतात. सेवाकार्यात सर्व ख्रिस्ती बांधवांनी सहकार्य करावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालच्या ख्रिस्ती ऐक्यविषयक आदेशात सांगितले आहेच. ख्रिस्तसभेनेही हा मार्ग स्वीकारला आहे. ब्राझीलमध्ये अ‍ॅमेझॉन नदीवर फ्रान्सिस्कन बंधूंचे ‘पोप फ्रान्सिस’ नावाचे रुग्णालय-जहाज २०१९ पासून नदीकाठच्या वस्त्यांना सेवा देऊ लागले. २०१३ साली रिओ येथील भेटीत तुम्ही अ‍ॅमेझॉनमध्ये आहात काय, अशी विचारणा पोप फ्रान्सिस यांनी त्या बंधूंना केली होती. त्यातूनच हे कार्य उभे राहिले. आपल्या देशात समुद्राची जागा लोहमार्गाने घेतली. ‘लाइफलाइन एक्स्प्रेस’ ही रुग्णालय-रेल्वे १९९१ साली सुरू झाली व स्वयंसेवक डॉक्टर तिच्या डब्यांत खेड्यापाड्यांतील रुग्णांवर विनामूल्य शस्त्रक्रिया करू लागले.

आपण काय करू शकतो?

आपल्याकडे जहाज नाही, पण नाताळच्या दिवशी एकटा पडलेला शेजारी आहे. टोळ्या निघण्यापूर्वी त्या कुटुंबांसाठी विशेष मिस्सा अर्पण करून त्यांना आशीर्वादासह निरोप देता येईल. ते कोणत्या कारखान्याच्या परिसरात आहेत याची नोंद धर्मग्रामात ठेवून तेथील जवळच्या धर्मगुरूंना कळविता येईल. फोनवरून त्यांना नाताळची वंदना व गावच्या मुलांची गीते ऐकविता येतील. गावी राहिलेल्या आजी-आजोबांना मध्यरात्रीच्या मिस्सेला कोणी न्यावे हे आधीच ठरविता येईल. सण साजरा करताना तरुणांनी सरकारी दवाखान्यातील रुग्णांकडे व रात्रपाळीवरील परिचारिकांकडेही जावे. आगमनकाळात धर्मग्रामाने रक्तदान शिबिर घेतले, तर ती प्रभूला दिलेली खरीखुरी नाताळभेट ठरेल.

प्रिय बंधुभगिनींनो, फडावरील कोपी असो, इस्पितळातील वॉर्ड असो वा बंदरातील जहाज. ‘आम्हांबरोबर देव’ हा इम्मानुएल या नावाचा अर्थ सर्व ठिकाणी सारखाच खरा आहे. यंदा आपल्या गोठ्यापुढे गुडघे टेकताना घरापासून दूर असलेल्या प्रत्येक भावाबहिणीचे नाव घेऊन आपण प्रार्थना करू या, आणि प्रार्थनेनंतर त्यांच्यापैकी एकाच्या तरी दारी जाऊ या. आपणा सर्वांस नाताळच्या हार्दिक शुभेच्छा!