समुद्राचा कायदा आणि विद्यार्थ्यांचे नियतकालिक

श्रोतेहो, जुन्नर-आंबेगावच्या माणसाला समुद्राच्या कायद्याशी काय कर्तव्य, असे आपण म्हणाल. पण नाणेघाटातला तो दगडी रांजण आठवा. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडचा व्यापार याच वाटेने चाले. आज नारायणगावच्या बाजूची द्राक्षे न्हावाशेव्याहून परदेशी जातात. माल जहाजावर चढला की आपला सातबारा मागे राहतो आणि समुद्राचा कायदा सुरू होतो.

तो कायदा अपुरा असला तर काय होते, याचे उदाहरण गोव्याचे आहे. 1984 च्या फेब्रुवारीत ‘एलिझाबेथ’ नावाचे परदेशी जहाज मुरगाव बंदरातून निघाले. माल चढल्याची पावती, म्हणजे बिल ऑफ लेडिंग, गोव्याच्या व्यापाऱ्याला दिलीच नाही. घेणाऱ्याने किंमत चुकती केली नाही, म्हणून माल देऊ नका, असे व्यापाऱ्याने कळविले. तरीही माल देऊन टाकला! पुढे तेच जहाज विशाखापट्टणमला लागले, तेव्हा हायकोर्टाच्या हुकमाने ते अडकविण्यात आले. जहाजवाले म्हणाले, ‘तुमचा कायदा 1861 चा, इंग्लंडचा. तो देशात येणाऱ्या मालापुरता. बाहेर जाणाऱ्या मालाचा दावा इथे चालायचा नाही.’ सुप्रीम कोर्टाने 1992 मध्ये हे म्हणणे फेटाळले आणि आपला कायदा मागे पडल्याचेही दाखविले. तरी संसदेचा नवा कायदा व्हायला 2017 साल उजाडले. मधली पंचवीस वर्षे गेली ती गेलीच.

कायद्यातले असे छिद्र कोणी तरी पुराव्यानिशी लिहून दाखवावे लागते. ते काम कायद्याची नियतकालिके करतात. नवल असे, की यांतली पुष्कळशी विद्यार्थीच चालवितात. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी 1887 साली पायंडा पाडला. अमेरिकेत तुलेन विद्यापीठाचे विद्यार्थी केवळ समुद्राच्या कायद्याचे नियतकालिक काढतात. आपल्याकडे बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाचे नियतकालिकही विद्यार्थीच संपादित करतात.

लेख निवडतात कसा? बहुधा लेखकाचे नाव झाकून. दोघे-तिघे वाचतात आणि विचारतात : यात नवे काय? निकाल खरोखर तसाच आहे का? मग प्रत्येक तळटीप मूळ पुस्तक उघडून पडताळतात. आपले गुरुजी वहीतले प्रत्येक गणित तपासतात ना, तसेच! उणीवही आहे. ज्याने बंदर पाहिले नाही, त्याला जहाजाचा व्यवहार पुरता कसा कळावा? म्हणून काही ठिकाणी लेख जाणत्यांनाही दाखवितात. मात्र पैसे भरा, लगेच छापतो, असे कोणी म्हटले तर सावध राहावे.

गुरुजनहो, आपल्या शाळेतले एखादे मूल उद्या वकिलीच्या शिक्षणाला जाईल. त्याला सांगा, की घरच्या द्राक्षाच्या पेटीपासून सुरुवात कर. पेटी वाटेत नासली तर जबाबदार कोण? आतले नुकसान वरून दिसत नसेल, तर माल ताब्यात आल्यापासून तीन दिवसांत लेखी कळवावे आणि वर्षाच्या आत दावा लावावा, असा समुद्री वाहतुकीचा सर्वसाधारण नियम आहे. नाशवंत मालाला तो पुरतो का? यावर नीट लिहिले, तर लेख होईल. लेखाने कायदा एका दिवसात बदलत नाही. पण न्यायाधीशाच्या आणि कायदा करणाऱ्याच्या हाती तो पडू शकतो. न लिहिलेले गाऱ्हाणे मात्र बांधावरच राहते.