यंदा मुंबई बघायला

सिंधुदुर्गातल्या कुठल्याही वाडीत विचारा, मुंबईत कोणीच नाही असे घर सापडणे कठीण. कोणाचा भाऊ लालबागला, कोणाची लेक डोंबिवलीला, तर कोणाचे काका उभी हयात गिरणीत काढून गावी परतलेले. एके काळी वेंगुर्ला, मालवणच्या बंदरांतून आगबोटीने निघून भाऊच्या धक्क्यावर उतरायचे. पुढे एसटी आली आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग सुरू झाला. ‘म्हमयक’ जाणे पिढ्यान् पिढ्या चालूच आहे. पण हे जाणे नोकरीसाठी, लग्नकार्यासाठी, केईएम नाही तर टाटा हॉस्पिटलसाठी. नुसते शहर बघायला म्हणून तिकीट काढणारे घर विरळाच.

सावंतवाडी तालुक्यातले इन्सुली तर महामार्गावरचेच गाव. इथल्या तपासणी नाक्यामुळे गोव्याकडे ये-जा करणाऱ्या ड्रायव्हरांना ते नाव तोंडपाठ असते, आणि मुंबईच्या ट्रॅव्हल्स रात्री याच गावावरून धावतात. तरीही मुंबईची खेप करून आलेल्या माणसाने मुंबईत पाहिलेले असते ते पाहुण्यांचे घर, वॉर्डाबाहेरचे बाकडे आणि लोकलच्या खिडकीतून दिसणाऱ्या इमारतींच्या पाठी. दोन दिवस खास शहरासाठी काढायचे ठरवले, तर मात्र आखणी घरूनच करून निघावी लागते.

या आखणीत नेहमी एकच चूक होते. गेटवे, राणीबाग, सिद्धिविनायक, हाजीअली, जुहू, फिल्मसिटी अशी लांबलचक यादी होते आणि निम्मा वेळ टॅक्सीत जातो. मुंबई उत्तर-दक्षिण पसरलेली चिंचोळी पट्टी आहे. दोन दिवसांत ती सगळी बघून होणार नाही, पण तिचा दक्षिणेकडचा भाग नीट बघून होतो, आणि शहराचा जुना इतिहास बहुतांशी तिथेच आहे. म्हणून आधी पट्टा ठरवावा. जुहू आणि फिल्मसिटी पुढच्या खेपेला.

सुरुवात तिकिटापासून. इन्सुलीकरांना जवळची स्थानके म्हणजे मळगावातले सावंतवाडी रोड आणि बांद्याजवळचे मडुरे. मुंबईच्या मुख्य गाड्यांसाठी सावंतवाडी रोडच सोयीचे. कोकणकन्या रात्री निघून पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला (सीएसएमटी) पोहोचवते. तुतारी सावंतवाडीतूनच सुटते आणि सकाळी दादरला उतरवते. जून २०२३ मध्ये सुरू झालेली वंदे भारत सिंधुदुर्गात फक्त कणकवलीला थांबते, तेव्हा तिच्यासाठी आधी तिथवर जाणे आले. विमानाने जायचे तर गोव्याच्या पेडणे तालुक्यातला मोपा विमानतळ जवळ आहे. जानेवारी २०२३ पासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली. पण दोन दिवसांच्या सहलीला रात्रीची गाडी सर्वांत फायद्याची. झोप गाडीत होते आणि पहिला दिवस पहाटेपासून हाती लागतो.

आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. ती तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवावी. तत्काळचे आरक्षण प्रवासाच्या आदल्या दिवशी, वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी १० वाजता आणि स्लीपरसाठी ११ वाजता सुरू होते. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आयआरसीटीसीचे खाते आधारशी जोडलेले असावे लागते. ही जोडणी आधीच करून ठेवलेली बरी, ऐन वेळी ओटीपीची वाट बघेपर्यंत जागा संपतात.

गर्दीचे गणित इथल्या लोकांना शिकवायला नको, पण ते उलट्या बाजूने मांडावे लागते. गणपतीच्या तोंडावर मुंबईहून येणारी गाडी खचाखच असते, तर मुंबईकडे जाणारीत जागा मिळण्याची शक्यता जास्त असते. मात्र त्या दिवसांत गेलेला माणूस परतीला अडकतो. मे महिन्याच्या सुरुवातीलाही तेच. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेगळे वेळापत्रक लागते, गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि समुद्र खवळला की घारापुरीच्या बोटीही बंद राहतात. तुळशीचे लग्न आटोपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला.

वार निवडणे तारखेइतकेच महत्त्वाचे. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. राणीबाग आणि तिच्याच आवारातले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. रविवारी लोकलला मेगाब्लॉक असण्याचा संभव, मंगळवारी सिद्धिविनायकाला लांब रांग. हे सगळे टाळले की उरतात गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार. त्यांतले गुरुवार आणि शुक्रवार धरावेत. मुलांच्या शाळेमुळे जमत नसेल, तर शुक्रवार आणि शनिवार. 

पहिला दिवस पायी. पहाटे सीएसएमटीला उतरल्यावर सामान क्लोक रूममध्ये ठेवावे. बॅगेला कुलूप लागते आणि प्रवासाचे तिकीट दाखवावे लागते, म्हणून छोटे कुलूप घरूनच न्यावे. प्रतीक्षालयात तोंड धुऊन, चहा घेऊन बाहेर पडावे आणि रस्ता ओलांडून स्थानकाच्या इमारतीकडे वळून बघावे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने आखलेल्या या इमारतीचे बांधकाम १८७८ मध्ये सुरू झाले आणि पुरे व्हायला सुमारे दहा वर्षे लागली. २००४ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. भिंतींवर दगडात कोरलेले मोर, माकडे आणि पानाफुलांच्या वेली आहेत, आणि त्या कोरीवकामात शेजारच्या जे. जे. कला विद्यालयातल्या विद्यार्थ्यांचा हात आहे. लहान मुलांना एकच काम द्यावे, ‘किती प्राणी सापडतात ते शोधा.’ अर्धा तास कसा जातो ते कळत नाही.

तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याने सरळ हुतात्मा चौक. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर इथे गोळीबार झाला. सिंधुदुर्ग ज्या राज्यात आहे ते राज्य उभे राहण्यासाठी ज्यांनी जीव दिला, त्यांचे स्मारक मुलांना दाखवायलाच हवे. पुढे ओव्हल मैदान. पूर्वेला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवरची उंच गॉथिक रांग, पश्चिमेला गोलाकार गच्च्यांच्या आर्ट डेको इमारती. मध्ये उभे राहिले की शहराच्या बांधकामाचे दोन काळ समोरासमोर दिसतात. २०१८ मध्ये हा सारा परिसर जागतिक वारसा ठरला. राजाबाई टॉवरचे पैसे प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याने दिले आणि नाव आपल्या आईचे दिले.

काळा घोडा भागात जहांगीर कलादालन आहे, प्रवेश मोफत. शेजारीच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जे १९२२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. त्याचा आणि गेटवे ऑफ इंडियाचा वास्तुविशारद एकच, जॉर्ज विटेट. संग्रहालय सगळे बघायचा हट्ट धरू नये. शिल्पे आणि लघुचित्रे अशी दोनच दालने निवडली तरी दुपार सार्थकी लागते.

दुपारी उशिरा गेटवे, संध्याकाळी मरीन ड्राइव्ह आणि चालत चालत गिरगाव चौपाटी. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाल्यावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते याच वाळूत. समुद्र घराजवळ असलेल्या माणसाला चौपाटीचे कौतुक कशाला, असे वाटू शकते. पण त्या वाळूत बसून दिव्यांची वळलेली रांग बघण्यात वेगळी मजा आहे. चौपाटीच्या मागेच गिरगाव. तिथल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गेटवेवरून घारापुरीची बोट पकडावी. जायला साधारण तास लागतो. धक्क्यापासून वर लेण्यांपर्यंत शंभराहून जास्त पायऱ्या आहेत, तेव्हा गुडघेदुखी असलेल्यांनी आधी विचार करावा. वर गेल्यावर अंधाऱ्या मंडपाच्या टोकाला सुमारे २० फूट उंचीचे त्रिमुखी सदाशिवाचे शिल्प उभे आहे. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे. मग एका बाजूचा उग्र चेहरा, दुसऱ्या बाजूचा कोमल आणि मधला मिटल्या पापण्यांचा, असे एकेक रूप हळूहळू उलगडत जाते. घाई केली तर ‘मोठी मूर्ती बघितली’ एवढेच लक्षात राहते.

बोटीत लाइफ जॅकेट अंगात घालूनच बसावे. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि अनेकांचे जीव गेले. पोहता येते म्हणून जॅकेट बाजूला टाकण्याची सवय किनाऱ्यावरच्या माणसांना असते. इथे ती नको.

परत आल्यावर लोकलने भायखळा. राणीबागेत मुलांना पेंग्विन आणि वाघ दिसतील, पण मोठ्यांनी आधी संग्रहालयाकडे वळावे. दाराजवळ दगडी हत्ती उभा आहे. तो मूळचा घारापुरीचा, त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. सकाळी त्याचे बेट आणि दुपारी तो स्वतः, असा जोड फार क्वचित जमतो. संग्रहालयाला नाव आहे ते डॉ. भाऊ दाजी लाड यांचे, आणि ते मूळचे पेडणे तालुक्यातल्या मांद्र्याचे, म्हणजे इन्सुलीच्या शेजारच्या मुलखातले. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले हे डॉक्टर. कुष्ठरोगावर औषध शोधणारे आणि प्राचीन शिलालेख वाचणारे. आत काचेच्या कपाटांत मातीच्या लहान लहान बाहुल्या आहेत. त्यांत जुन्या मुंबईतले नाना जातीधर्मांचे लोक आणि त्यांचे धंदे आपापल्या पेहरावात उभे आहेत.

मुक्कामाचा प्रश्न जरा नाजूक. मुंबईत आलो आणि डोंबिवलीला किंवा विरारला बहिणीकडे उतरलो नाही, तर रुसवाफुगवा होणारच. पण तिथून रोज दक्षिण मुंबई गाठायची म्हणजे एका बाजूला तास-दीड तास, तोही सकाळच्या लोकलच्या गर्दीत. एका रात्रीसाठी कन्फर्म तिकिटावर रेल्वेची विश्रांती खोली ऑनलाइन राखून ठेवता येते. नाही तर फोर्ट, गिरगाव, दादर भागात साधे लॉज बघावे. बहिणीला फोन करून दुसऱ्या दिवशी राणीबागेतच बोलवावे. चाकरमानी कुटुंबेही वर्षानुवर्षे तिकडे फिरकलेली नसतात. सगळ्यांची एकत्र सहल होते आणि कोणाच्या घरी स्वयंपाकाची धावपळही होत नाही.

फिरण्यासाठी लोकलचे खास पर्यटक तिकीट मिळते, एक, तीन किंवा पाच दिवसांचे. त्यावर पश्चिम, मध्य आणि हार्बर अशा तिन्ही मार्गांवर कितीही वेळा चढता-उतरता येते. मात्र दोन-तीनच फेऱ्या असतील तर सुटी तिकिटे स्वस्त पडतात, तेव्हा हिशेब करून घ्यावा. ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेड ते आरे ही भुयारी मेट्रो पूर्ण चालू झाली आहे. हुतात्मा चौक, सीएसएमटी, गिरगाव, सिद्धिविनायक, दादर अशी स्थानके तिच्यावर असल्याने वयस्कर माणसांना घेऊन जायचे तर ती लोकलपेक्षा सुखाची.

खाण्याचे फार आखू नये, पण मासे गावीच चांगले मिळतात हे ध्यानात ठेवून मुंबईत वेगळे काही चाखावे. धोबीतलावावर १९०४ पासून चालू असलेल्या कयानी अँड कंपनीत इराणी चहा आणि बनमस्का, दादर-गिरगावच्या मराठी उपाहारगृहांत थालीपीठ आणि पीयूष.

शेवटी परतीचे तिकीट, आणि इथे डोळ्यांत तेल घालून बघायला हवे. तुतारी दादरहून मध्यरात्री बाराला पाच मिनिटे झाल्यावर सुटते. म्हणजे शुक्रवारी रात्री निघायचे असेल, तर तिकिटावर तारीख शनिवारची हवी. शुक्रवारची तारीख टाकली, तर गाडी गुरुवारी रात्रीच निघून गेलेली असते आणि आरक्षण फुकट जाते. कोकणकन्या सीएसएमटीहून रात्री अकराच्या सुमारास सुटते, त्यामुळे तिच्या तारखेत असा घोळ होत नाही. वेळा अधूनमधून बदलतात आणि स्थानकांच्या कामामुळे काही गाड्या अलीकडेच थांबवतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी १३९ वर फोन करून खात्री करून घ्यावी. दादरला जाण्याआधी क्लोक रूममधले सामान सोडवून घ्यायला एक तास हाताशी ठेवावा.