‘बाहेरून आणा’

सरकारी दवाखान्यातली औषधाची खिडकी मला लहानपणापासून ओळखीची आहे. अब्बांना दम्याचा त्रास. तासभर रांगेत उभे राहिल्यावर कंपाउंडर चिठ्ठीवरच्या तीनपैकी एका औषधावर खूण करायचा आणि म्हणायचा, ‘‘हे आहे. बाकीचं बाहेरून आणा.’’ ते ऐकले की अब्बा खिसा चाचपायचे. पुढे मी कविता लिहू लागलो. पण ‘बाहेरून’ या शब्दाइतका जड शब्द मला अजून भेटलेला नाही.

दवाखान्यातले औषध संपते, तेव्हा दर वेळी कारखान्यातलेही संपलेले असते असे नाही. पुष्कळदा मागणी उशिरा गेलेली असते, निविदा अडकलेली असते, किंवा जुने बिल थकल्यामुळे पुरवठादाराने हात आखडता घेतलेला असतो. दुखणे खरेदीच्या टेबलावर असते आणि कळ खिडकीपाशी उठते.

या दुखण्यावर तामिळनाडूने केलेला इलाज देशभर नावाजला गेला. १९९४ साली तिथे औषधखरेदीसाठी वेगळे महामंडळ स्थापन झाले आणि पुढच्या वर्षी त्याचे काम सुरू झाले. त्याने आधी अत्यावश्यक औषधांची यादी बनवली, तीही कंपनीच्या नावाने नव्हे, तर औषधाच्या मूळ नावाने. साऱ्या राज्याची मागणी एकत्र केली, की निविदा मोठी होते आणि भाव उतरतो. हे कोणताही किराणा दुकानदार सांगेल. खरी गंमत पुढे आहे. माल चेन्नईत साठवायचा नाही, तर जिल्ह्याजिल्ह्यांच्या गोदामांत उतरवायचा. प्रत्येक रुग्णालयाला एक पासबुक द्यायचे, बँकेचे असते तसेच. त्यात वर्षाची रक्कम लिहिलेली. खेड्यातल्या आरोग्य केंद्राने आपल्या गरजेप्रमाणे गोदामातून औषधे उचलायची आणि तेवढी रक्कम पासबुकातून वजा व्हायची. तापाची साथ असेल तर तापाच्या गोळ्या जास्त घ्या. राजधानीतल्या साहेबाने धाडलेले नको असलेले मलम कपाटात कुजत ठेवण्याचे कारण नाही. गोदामात साधारण तीन महिन्यांचा साठा राखायचा आणि तो उतरू लागला, की संगणकावर दिसायचेच.

स्वस्त म्हणजे निकृष्ट, ही शंका आपल्या मनात येतेच. म्हणून आलेल्या मालाचे नमुने घेऊन, कंपनीचे नाव झाकून, नुसता सांकेतिक क्रमांक घालून प्रयोगशाळेत पाठवतात. काव्यस्पर्धेत परीक्षकांपासून कवीचे नाव लपवतात ना, तसेच. (तिथे हस्ताक्षर ओळखणारे निघतात, ती गोष्ट वेगळी.) नमुना उतरला, तरच औषध रुग्णालयात जाते. राजस्थानने याच वाटेने जाऊन २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना सुरू केली.

एक धोका मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. सर्वांत कमी भाव सांगणाऱ्या एकट्यालाच सगळे काम दिले आणि त्याचा कारखाना बंद पडला, तर अख्खे राज्य कोरडे. त्यासाठी त्याच भावात माल द्यायला तयार असलेला दुसरा, तिसरा पुरवठादार हाताशी हवा. शिवाय कच्च्या मालासाठी आपण चीनकडे किती पाहतो, ते मार्च २०२० मध्ये कळले. करोनामुळे तिकडचे कारखाने थंडावले आणि भारत सरकारला पॅरासिटामॉलसह २६ औषधे व घटकद्रव्यांच्या निर्यातीवर निर्बंध घालावे लागले.

आपल्या महाराष्ट्रात २०१७ मध्ये खरेदीचे काम हाफकिन महामंडळाकडे दिले गेले, आणि २०२३ मध्ये वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. पाटी बदलली, हे ठीक. माझे लक्ष गोदामातला साठा आणि पुरवठादाराचे बिल किती दिवसांत निघते, याकडे राहील.

तामिळनाडूच्या व्यवस्थेतली आणखी एक लहानशी तरतूद मला फार आवडते. रुग्णालयाच्या औषधांच्या रकमेतला थोडा हिस्सा स्थानिक खरेदीसाठी राखून ठेवतात. गोदामात एखादे औषध नसले आणि गरज तातडीची असली, तर रुग्णालयाने ते त्या पैशांतून बाजारातून घ्यायचे. ‘बाहेरून आणा’ हे मग कंपाउंडरलाच सांगता येते.