भीमाचा खोडवा

ऊस कारखान्याला गेला की सोलापूर जिल्ह्यातला शेतकरी रान लगेच नांगरत नाही. बुडखे जमिनीलगत छाटतो, पाचट सरीत पसरतो, पाणी देतो आणि जुन्याच मुळांवर नवे फुटवे येतात. हा खोडवा. बेण्याचा खर्च नाही, लागणीची मजुरी नाही. सिनेमावाले ज्याला 'स्पिन-ऑफ' म्हणतात, ते पीक याच जातीचं. गाजलेल्या चित्रपटातलं एखादं पात्र उचलायचं आणि त्याच्यापुरती नवी गोष्ट रचायची. ओळख आयती मिळते. 'श्रेक'मधल्या बूटवाल्या बोक्याला २०११ मध्ये स्वतःचा सिनेमा मिळाला, 'डेस्पिकेबल मी'तले पिवळे मिनियन्स २०१५ मध्ये वेगळे निघाले. आपल्याकडे असा सगळ्यात जोमाने फुटलेला खोडवा भीमाचा. भीमा नदीच्या जिल्ह्यात बसून तो न्याहाळायला जरा जास्तच मजा येते.

हा उद्योग नवा नाही. घटोत्कचाने मायेचा बाजार मांडून अभिमन्यूचं लग्न बलरामाच्या मुलीशी लावून दिलं, ही कथा व्यासांच्या महाभारतात शोधून सापडत नाही. ती लोकांनी मागाहून जोडली, आणि भीमाच्या या राक्षसपुत्राला मूळ ग्रंथात नाही एवढा खट्याळपणा बहाल केला. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२१ मध्ये 'सुरेखाहरण' काढला, त्यात तरुण व्ही. शांताराम कृष्ण झाले होते. तेलुगूत के. व्ही. रेड्डींचा 'मायाबझार' १९५७ मध्ये आला. तिथे बलरामाची मुलगी शशिरेखा, मराठीत ती सुरेखा किंवा वत्सला. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे पद्मशाली कुटुंबं पिढ्यान् पिढ्या तेलुगू बोलत आली, तिथे शशिरेखा म्हणतील. चार गल्ल्या ओलांडल्या की सुरेखा. घटोत्कच मात्र दोन्हीकडे एकच.

टीव्हीवरचा 'छोटा भीम' २००८ मध्ये पोगो वाहिनीवर आला. हैदराबादच्या राजीव चिलका यांच्या ग्रीन गोल्ड कंपनीची ही निर्मिती. यात पांडव नाहीत, कौरव नाहीत. ढोलकपूर नावाचं गाव, राजा इंद्रवर्मा, चुटकी, राजू, जग्गू माकड, खोड्या काढणारा कालिया आणि टुनटुन मावशीचे लाडू. महाभारतातून घेतलं ते नाव, बळ आणि भूक. २०१२ च्या मे महिन्यात 'छोटा भीम अँड द कर्स ऑफ दमयान' चित्रपटगृहांत लागला. त्यात शापित दमयान आहे, काळात हजार वर्षं मागे जाणं आहे, आणि खजिन्याचं एक प्राचीन नगर आहे. त्या नगराचं नाव सोनापूर.

हे नाव ऐकून सोलापूरकराचे कान टवकारतातच. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्या काळात हे गाव सोन्नलगे होतं. मोहोळ तालुक्यातल्या कामतीच्या शके १२३८ च्या शिलालेखात ते सोनलीपूर आहे, आणि किल्ल्यातल्या एका शिलालेखात चक्क सोनलपूर. हैदराबादच्या पटकथाकारांना हे ठाऊक असण्याचं काही कारण नाही. योगायोगच, पण पोरांना सांगायला झकास.

चित्रपट म्हणून 'दमयान' मला मध्यमच वाटला. साहस आहे, पण पात्रं ते करण्यापेक्षा बोलून जास्त दाखवतात. २०२४ मध्ये हीच गोष्ट जिवंत नटांना घेऊन पुन्हा काढली. अनुपम खेर, मकरंद देशपांडे अशी माणसं घेतली. दुसऱ्या-तिसऱ्या खोडव्याचा उतारा कसा पडतो हे माढा-पंढरपूरकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. रेषांतल्या भीमाने उडवलेला राक्षस मुलांना पटतो, हाडामांसाच्या पोराने उडवलेला तारेवर टांगलेला दिसतो.

याच बुडख्याला २०१९ मध्ये फुटलेला 'मायटी लिटल भीम' मात्र वेगळा निघाला. नेटफ्लिक्सवरची ही मालिका, चित्रपट नव्हे. पण स्पिन-ऑफ कसा करावा ते शिकायचं तर इथेच. कारण बुडखा अगदी जमिनीलगत छाटलाय. ढोलकपूरचा राजा गेला, कालियाची भांडणं गेली, संवादही गेले. उरलं एक रांगतं बाळ, त्याची आई आणि लाडू. बाळ बोलत नाही, हुंकारतं, हसतं, भिंती पाडतं. ज्या शहरात एकाच बोळात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी ऐकू येते, तिथे न बोलणारा नायक सगळ्यांचाच होतो. डबिंगचा प्रश्नच मिटला. ब्राझीलमधल्या पोरालाही लाडू म्हणजे काय ते कळतं, कारण बाळाचे डोळे ते सांगतात.

मराठी माणूस या कलेत मागे होता असं म्हणवत नाही. फाळक्यांनी १९१५ मध्येच 'आगकाड्यांची मौज' करून काड्या नाचवल्या. प्रभातने १९३४ मध्ये 'जंबूकाका' काढला. 'एक अनेक और एकता' (१९७४) विजया मुळे यांचा. २००५ चा 'हनुमान' व्ही. जी. सामंतांचा, त्याच्या पाठोपाठ २००७ मध्ये अनुराग कश्यपने 'रिटर्न ऑफ हनुमान' केला आणि मारुतीला थेट शाळेत धाडलं. पण मराठीतलं स्वतःचं पात्र? १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये पहिल्यांदा भेटलेल्या चिंटूवर २०१२ आणि २०१३ मध्ये दोन चित्रपट झाले, दुसऱ्यात तर खजिन्याचा शोधही होता. दोन्ही जिवंत नटांचे. माझं मत विचाराल तर रेषेतला पोरगा रेषेतच ठेवायला हवा होता. अडचण पैशाची, हे उघड आहे. सेकंदाला चोवीस चौकटी धरल्या तर दीड तासाच्या सिनेमाला १,२९,६०० चौकटी लागतात. त्यापेक्षा नट स्वस्त पडतो.

गोष्टींचा मात्र तुटवडा नाही. राघवांक कवीने कन्नडमध्ये याच सिद्धरामाचं चरित्र लिहिलं, तेराव्या शतकात. त्यातला आणि इथल्या घराघरांत सांगितला जाणारा बालपणीचा प्रसंग असा: पोरगा रानात आहे, ज्वारी हुरड्याला आलीय. जंगमाच्या वेशात श्रीशैलचा मल्लय्या, म्हणजे शिव, येतो, हुरडा मागतो. पोरगा भाजून देतो. मग पाहुणा दहीभात मागतो. पोरगा धापा टाकत घरी पळतो, आईकडून दहीभात घेतो आणि परत येतो, तर रानात कोणी नाही. हाका मारून दमतो. मग पाहुण्याला शोधायला थेट श्रीशैलाकडे निघतो.

या प्रसंगाला संवाद जवळपास लागतच नाहीत. कणसं, आगटीचा धूर, पळणारी पावलं, आणि हातात दहीभात घेऊन उभं असलेलं पोर. कोणीतरी हे काढायला हवं, असं दर जानेवारीत सिद्धरामाच्या गड्ड्याच्या यात्रेत आकाशपाळण्याखाली उभा असताना मनात येतं. तिथे भीमाचे फुगे मिळतात, सिद्धरामाचे नाही.

आता सोलापूरहून श्रीशैलला मोटारीने निघालं, तर वाटेत हैदराबाद लागतं.