कामं गेली, फेऱ्या आल्या

घरात नळ आणि विहिरीवर मोटार येण्याआधी रहिमतपूरच्या पंचक्रोशीत म्हाताऱ्या माणसाला ‘व्यायाम करा’ असं कुणी सांगत नसे. पाणी शेंदणं, शेणकूर, बांधावरची वैरण यातच दिवस मावळे. कोरेगाव तालुक्यातल्या वाघ्या घेवड्याला आता भौगोलिक मानांकन आहे. तो निवडायचं काम मात्र पूर्वापार घरातल्या थोरल्या बायकांकडे. सूप पाखडायचं, मग बोटांनी खडे आणि किडके दाणे वेचायचे, आणि तोंडाने कुणाकडे किती पायली बी गेलं, कुणाचं यायचं राहिलंय, याची उजळणी. हाताबरोबर डोकंही कामाला लागलेलं.

हे फार रंगवून सांगू नये. ते कष्ट हौसेचे नव्हते. त्यात गुडघे गेले, कमरा वाकल्या. आणि ज्यांना म्हातारपण लाभलंच नाही, ती माणसं आपल्या ‘पूर्वीचे लोक किती काटक’ या गप्पांत येतच नाहीत.

काटकपणाचं नाव घ्यायचं तर अण्णासाहेब कर्व्यांचं. कोकणातल्या मुरूडहून सह्याद्री ओलांडून हा मुलगा परीक्षेसाठी पायी साताऱ्याला आला, आणि वय लहान दिसतं म्हणून त्याला बसूच दिलं नाही. त्याच माणसाने 1936 मध्ये, 78व्या वर्षी, खेड्यांतल्या शाळांसाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ उभं केलं. 1944 मध्ये समता संघ. 1962 साली गेले तेव्हा वय 104. एका माणसावरून नियम बांधता येत नाही, हे खरं.

नियम शोधणारे पुढे आले. 2011 मध्ये अमेरिकेत 120 वयस्कर माणसांवर झालेला प्रयोग प्रसिद्ध झाला. वर्षभर नेमाने चालणाऱ्यांच्या मेंदूतला आठवणी सांभाळणारा भाग सुमारे 2 टक्क्यांनी वाढला. नुसते ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा थोडा आक्रसला. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो 2012चा शिकागोचा अभ्यास. तिथे सातशेहून अधिक वृद्धांच्या मनगटाला यंत्र बांधून दिवसभराची सगळीच हालचाल मोजली, भांडी घासणं आणि स्वयंपाकसुद्धा. सगळ्यांत कमी हालचाल करणाऱ्यांना पुढे अल्झायमर होण्याचा धोका सर्वांत जास्त हालचाल करणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक दिसला. अर्थात मेंदू थकू लागला की माणूस आपोआप कमी हलतो, तेव्हा कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हा वाद उरतोच.

2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सलग 10 मिनिटांची अट सोडली. हालचाल थोडी असली तरी ती धरायची. म्हणजे गिरणीवर दळण घेऊन चालत जाणंही आता धरलं जातं, आणि पिठाचे पैसे हिशेबाने देणं, वाटेत दोघांची चौकशी करणं यात डोकंही कामाला लागतं. पण दळण नातू मोटारसायकलवर नेतो, लाइटबिल मोबाइलवर भरलं जातं, आणि आजोबांना माया म्हणून सांगितलं जातं, “तुम्ही बसा, आम्ही करतो.” सकाळच्या दोन फेऱ्या तेवढ्या त्यांच्या वाट्याला राहिल्यात.